साहेबांच्या चहातलं दूध

शहरात पटकीची साथ होती, तरी नगरपालिकेच्या कमिटीचे अध्यक्ष ब्लेकसाहेब गटारांना पैसे द्यायला तयार नव्हते. गोऱ्यांच्या छावणीत बंद गटारं होती. खर्च व्हायचा होता तो गावातल्या उघड्या नाल्यांवर.

"गावची घाण गावातच राहते," साहेब म्हणाले. "छावणीने भुर्दंड का सोसावा?"

गवळीवाड्यात राहणारे सभासद मोरोबा गप्प होते. साहेबांनीच त्यांना कमिटीवर घेतलं होतं, मर्जी गेली की जागाही जाणार होती. पण घरी नातवाला सकाळपासून उलट्या होत होत्या.

शिपायाने चहा आणला. साहेबांनी कप उचलला, तसे मोरोबा उठले.

"साहेब, या चहातलं दूध कुठलं?"

"गवळ्याचं. का?"

"तो माझा शेजारी. आमच्या नाल्याकाठच्या विहिरीवर तो दुधाच्या चरव्या विसळतो. गावची घाण गावातच राहत असेल, तर खुशाल प्या."

साहेबांनी कप तसाच खाली ठेवला आणि गटारांच्या ठरावावर सही केली.

मोरोबा आभार मानायलाही थांबले नाहीत. त्यांच्या घरी दूध त्याच गवळ्याचं होतं.