खोताचे पान

खारवणे गावाच्या अलीकडे किनाऱ्याचा रस्ता दाट राईत शिरतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला चढण, आणि मधोमध झाडांच्या मुळांतून झिरपणारी गोड्या पाण्याची झर. आसपासच्या सगळ्या विहिरी मचूळ, पण समुद्रापासून शंभर पावलांवरची ही झर मात्र गोडच. राई संपते तिथे एक काळा धोंडा आहे. राईतून जाणाऱ्याने दुसऱ्या कुणाची तरी घाण उचलून त्या धोंड्यापलीकडच्या खड्ड्यात टाकायची आणि मगच झरीचे पाणी प्यायचे, असा तिथला रिवाज आहे.

दाभोळ्यांची गाडी धोंड्याशी थांबली तेव्हा नलिनीबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना फक्त खाली उतरायचे होते. तीन दिवस त्या मागच्या सीटवर नवऱ्याशेजारी बसून होत्या आणि आता त्यांना त्याच्या रुमालाचाही वीट आला होता. अरविंदराव मोठे स्वच्छतेचे. खानावळीत कप दोनदा विसळून घेत, मासळीचा वास आला की नाक दाबत, किनाऱ्यावरची वाळू चपलेला लागली तरी शिसारी आल्यासारखे पाय झटकत. मात्र जेवण झाले की ताट जागेवर सोडून उठत. एकेचाळीस वर्षे ते ताट नलिनीबाईंनी उचलले होते.

आणि आता धोंड्याच्या जरासे अलीकडे अरविंदरावांनी काच खाली करून दहीभाताचा डबा झाडीत भिरकावला होता. उन्हाने भात आंबला होता. "गाडीत वास नको," एवढेच म्हणाले आणि हाताला जंतुनाशक चोळत बसले. गाडी चालवणारा मुलगा, प्रसन्न, समोर पाहत राहिला. सून केतकीने काचेबाहेर पाहिले. नलिनीबाईही गप्प राहिल्या.

धोंड्याशी द्वारकाकाकी गुरवीण बसली होती. वय सत्तरीपुढचे, बोलणे सावकाश. पाहुण्यांना तिने सावलीत बसवले आणि न विचारताच सांगायला घेतले.

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, राघोबा खोताचे वऱ्हाड या वाटेने निघाले होते. दोनशे माणसे. खोताचा एकुलता एक मुलगा मुकुंद, त्याचे लग्न पलीकडच्या गावी चौथ्या दिवशी. झरीकाठी पंगत बसली. सगळ्यांना फणसाच्या पानांच्या पत्रावळी, आणि एकट्या खोताला केळीचे पान. खोताचे सोवळे कडक. दुसऱ्याची सावलीसुद्धा तो पानावर पडू देत नसे म्हणे. जेवणे झाली, भांडी झरीतच घासली, पत्रावळी टाकून माणसे उठली.

निघायच्या वेळी रिवाजाप्रमाणे गुरवाने राईच्या राखणदार देवाला कौल लावला, म्हणजे त्याला फुलाची पाकळी चिकटवली; ती पडली की जायची मुभा. पाकळी पडेना. तोवर झरीच्या पाण्यावर तवंग आला होता आणि कुजके बुडबुडे उठत होते. गुरव म्हणाला, उष्टे उचलल्याशिवाय वाट मिळायची नाही. तेव्हा ज्याने त्याने आपापली पत्रावळ उचलली. पुन्हा कौल लावला. पाकळी तिथेच.

कारण एक पान उरले होते. केळीचे.

खोताने कानावर हात ठेवले. "माझं नव्हे. मी माझं कधीच समुद्रात टाकलं." गड्याला उचलायला सांगावे, तर पान आपले हे कबूल होत होते. दुसऱ्या कुणी उचलावे, तर मालक नसलेले उष्टे कुणाचे कोण जाणे, हात लावला की बाटला. दोनशे जणांना ते पान कुणाचे हे दिसत होते आणि दोनशे जणांनी तोंडात गुळणी धरली. कुणी खोताचे कूळ, कुणी भाऊबंद, कुणी नुसता जेवायला आलेला.

तीन दिवस वऱ्हाड तिथेच. पानावरच्या भाताला बुरशी धरली, मग अळ्या पडल्या. वास असा, की माणसे पदर नि पंचे तोंडाला लावून बसली, पण जागची हलली नाहीत. खारवण्यात दुसरे पिण्याजोगे पाणी नव्हते. गावाने तेच प्यायले आणि घराघरांत पोरे ओकू लागली. खोत वाऱ्याची बाजू पाहून बसे आणि राईत घाण फार झाली म्हणून नाक मुरडे.

चौथ्या दिवशी पहाटे मुकुंदाने मुंडावळ्या सोडल्या. "कुणाचं ते मला सांगू नका," म्हणाला आणि दोन्ही हातांनी ते पान उचलले. अळ्या मनगटापर्यंत चढल्या म्हणे. या धोंड्यापलीकडे खड्डा खणून त्याने पान पुरले. पाकळी पडली. उजाडेपर्यंत झर निवळली.

मग राघोबा खोत उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मुलगा बाटला, याला आता माझ्या पंगतीत जागा नाही. वऱ्हाड त्याच्यामागून परत गेले. मुलीकडचे लोक चौकशीला आले, त्यांनी झरीकाठीच लग्न लावले. मुकुंद इथेच राहिला, राईची राखण करू लागला. द्वारकाकाकीचे घराणे त्याचेच.

नलिनीबाईंना किळस आली होती. अळ्यांची नव्हे. त्या दोनशे माणसांची. जेवून, ढेकर देऊन, सगळे कळत असताना गप्प बसलेली माणसे.

"खोताला कुणी काहीच बोललं नाही?" त्यांनी विचारले.

"नाय," द्वारकाकाकी म्हणाली. "आजपर्यंत नाय."

मग तिने मागच्या झाडीत हात घालून एक डबा पुढे ठेवला. झाकण उडालेले, कडेला आंबट भात ओघळलेला, त्यावर माश्या. "ह्यो आताच पडलो. कोणाचो?"

अरविंदरावांनी रुमाल नाकाला लावला. "आमचा नव्हे," ते म्हणाले. "लोकांना अक्कलच नसते."

प्रसन्नने मोबाइल काढला. केतकी पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवत राहिली. नलिनीबाईंचा हात सवयीने डब्याकडे गेला. उचलला की संपले, आजवर तसेच संपत आले होते. हात अर्ध्यावर थांबला.

"यांचा आहे तो," त्या म्हणाल्या. "भात मीच भरला होता. यांनी काचेतून फेकला, आणि आम्ही तिघं पाहत बसलो."

खाली लाट येऊन गेली. अरविंदरावांनी बायकोकडे पाहिले, ती नजर हलवीना. शेवटी ते वाकले, डबा दोन बोटांत धरून खड्ड्यापर्यंत गेले आणि हात लांब धरून परत आले.

"बरा केल्यात," द्वारकाकाकी म्हणाली. "पण आपलो तर त्या वऱ्हाडातल्या सगळ्यांनीच उचललेलो. आता दुसऱ्याचो उचला."

झुडपात कुणा लेकराचे भरलेले लंगोट पडले होते, पावसात भिजून फुगलेले. अरविंदरावांना उमासा आला. त्यांनी ते उचलले. नलिनीबाईंनी त्यांच्यासाठी पर्समधला साबण काढला नाही. त्या स्वतः दोन फुटक्या बाटल्या आणि कुणीतरी चावून टाकलेली हाडे गोळा करून खड्ड्यात टाकून आल्या. मग झरीशी हात धुऊन ओंजळभर पाणी प्यायल्या. पाणी खरेच गोड होते.

आजही खारवण्याच्या राईतून जाणाऱ्याला धोंड्याशी थांबावे लागते आणि दुसऱ्याची घाण उचलावी लागते. द्वारकाकाकी आजही खोताच्या पानाची गोष्ट सांगते. खोताला कुणी काहीच बोलले नाही का, असे कुणीतरी विचारतेच. तेव्हा ती म्हणते, "बोलला. एक बायलमाणूस बोलला. पण खूप उशिरान."