थोडं घासलं की बसतं

जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात दादासाहेब शिंत्रे म्हणतील ती पूर्व. त्यांच्या दुकानात माल तपासून घेणं म्हणजे त्यांची अब्रू काढणं! त्यातून त्या दिवशी स्वारी आधीच तापलेली. नवी कवळी बसेना म्हणून दातांचा डॉक्टर तिसऱ्यांदा माप घेणार होता, आणि तोवर दादासाहेब नुसत्या पेजेवर आहेत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

अशात सुलक्षणा मगदूम आपल्या अंड्यांच्या व्हॅनसाठी इंजिनाचं हेड घ्यायला आली. तिने पिशवीतून आपल्या इंजिनाच्या हेडखालचं जुनं गॅस्केट काढलं आणि हेडवर ठेवून पाहिलं, तर दोन भोकं जुळेनात.

"दादासाहेब, हे दुसऱ्या मॉडेलचं दिसतंय. इंजिन कामातून जाईल माझं!"

"बनवणारी कंपनी एकच ना? मग झालं तर! थोडं घासलं की बसतं," दादासाहेब गुरकावले. भोवतालच्या गिऱ्हाइकांनी मुकाट माना डोलावल्या.

सुलक्षणाने गॅस्केट पिशवीत ठेवलं. "खरंय तुमचं. मग उगाच पेज कशाला पिताय? आमच्या मामंजींची कवळी घरी पडून आहे. ते गेले, पण माल चांगला आहे. उद्या आणून देते."

"दुसऱ्याची कवळी मला कशी बसेल?" दादासाहेब ओरडले.

"तोंड घडवणारा देव एकच ना? मग झालं तर! थोड्या हिरड्या घासल्या की बसते."