आठ पेपरांचं एकमत

"…पण ती बातमी बरोबर आहे, हे तुला कळलं कसं?"

नानांनी हे विचारलं तेव्हा मी आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांच्या आणि आमच्या ओट्यामध्ये हातभर उंचीची भिंत. कान बंद ठेवायचे म्हटलं तरी ठेवता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मी ठेवतही नाही.

नाना धारूरकर म्हणजे आमच्या अंबाजोगाईतले जुने संपादक. आता थकलेत, एकटेच राहतात. समोर बसला होता उन्मेष. त्यांच्याच हाताखाली शिकला, आता एका दैनिकात मोठ्या खुर्चीवर आहे. गाडीची किल्ली बोटात फिरवत बोलत होता.

"सोपं आहे, नाना. आम्ही आठ दैनिकं मिळून एकाच वृत्तसंस्थेकडून बातम्या घेतो. तिचं काम कसं आहे, ते ठरवायला आणि तिच्या बातम्यांवरच्या तक्रारी बघायला मला नेमलंय. बातमी किती लवकर येते, भाषा कशी, चुका किती, सगळं तपासलं. संस्था उत्तम आहे."

"आणि त्या सिस्टरची तक्रार?"

"ती फेटाळतोय."

सिस्टरचं प्रकरण मलाही माहीत होतं. एका दवाखान्यात बाळ दगावलं. शोभा गव्हाणे या सिस्टरनं चुकीचं इंजेक्शन दिलं, असं पेपरात आलं. ती म्हणते, मी दिलंच नाही, खुलासा छापा. उन्मेषनं नाही म्हटलं, की तो कुठंच छापून येणार नव्हता. बाईच्या नावाला लागलेला तो डाग जन्मभर तसाच राहणार.

"कशावरून फेटाळतोस?"

"आठही पेपर समोर ठेवून वाचले. एका शब्दाचा फरक नाही. आठ पेपर एकदम खोटं बोलतील का, नाना?"



नाना म्हणाले, "एक काम कर. माझा श्रीकांत येत्या रविवारी मला पुण्याला न्यायला येणार, असं गल्लीत म्हणतात. खरं आहे का, विचारून ये."

"मुलगा तुमचा, आणि मी गल्लीत विचारू?"

"विचारून तर ये."

तो उठेना. मग मीच म्हटलं, "जा की रे! चार घरं फिरल्यानं खुर्ची काही पळून जात नाही तुझी."

गेला. परत आला तो हसतच.

"पक्की बातमी आहे, नाना! किराणावाले बोरा म्हणाले, रविवारीच. कोपऱ्यावरच्या टीचर म्हणाल्या, रविवारीच. इस्त्रीवाल्यानं तर तुमचा कोट आधी करून ठेवलाय. अभिनंदन!"

"त्यांना कोणी सांगितलं?"

किल्ली फिरायची थांबली.

"ते… नाही विचारलं."

"मी सांगितलं," भिंतीवरून मी म्हटलं. चांगली बातमी, लपवायची कशाला? "सगळ्यांना मीच सांगितलं."

"आणि तुम्हाला, सुनंदाबाई?"

"असं काय करता, नाना? तुम्हीच की! श्रीकांतचा फोन आला त्या दिवशी."

"काय म्हणालो होतो मी?"

मेथीची काडी हातातच राहिली माझ्या.

"तुम्ही म्हणालात… श्रीकांत म्हणतोय, रविवारी जमतंय का बघतो."



"मग परत फोन आला त्याचा?" उन्मेषनं हळूच विचारलं.

नानांनी नुसती मान हलवली. नाही.

भिंतीला धरून ते उठले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. खाटेवर बॅग भरून ठेवलेली. वर घडी घातलेली शाल, शेजारी औषधांचा डबा.

उन्मेष बघतच राहिला. "नाना, तुम्हाला तर माहीत होतं. तो येतो म्हणालाच नव्हता."

"होतं ना माहीत…" नाना दाराला टेकले. "पण बोरा म्हणायचा, नाना, निघायची तयारी झाली का? टीचर म्हणाल्या, नशीबवान आहात. रोज कुणीतरी काहीतरी म्हणायचं. काल दुपारी मी बॅग भरली."

मी मेथी बाजूला सारली. 

उन्मेषनं किल्ली खिशात टाकली. म्हणाला, "आठ दैनिकांची बैठक परवा आहे. उद्या जाऊन भेटतो सिस्टरला."

"आजच जा," नाना म्हणाले. "सगळे म्हणतात ते तिलाही आता खरं वाटायला लागलं असेल."