येसूची मळई

मुलांनो, आधी सावलीत या. तुमच्या बाई सांगत होत्या, की तुम्ही विदारण, क्षरण, संचयन असे तीन शब्द पाठ करून आला आहात. पाठ केलंत ते बरंच झालं. आता वर बघा. तो डोंगराचा उघडा कातळ दिसतो ना, जिथे गवताची काडी उगवत नाही, तिथे एके काळी नाचणीची शेतं होती. आणि आपण बसलो आहोत ही भातजमीन तेव्हा नव्हतीच, इथे नदीचं पाणी होतं. नदीने गाळ आणून टाकून केलेली जमीन म्हणजे मळई. हिला येसूची मळई म्हणतात. येसू मात्र आमच्या खालच्या गावची नव्हे, वरच्या वाडीची. तिचं नाव इथल्या जमिनीला कसं, यावर दोन्ही गावांचं अजून एकमत नाही. मी माझ्या थोरल्या काकांकडून ऐकलं तसं सांगतो.

असं सांगतात, की वाडीची शेतं दर वर्षी थोडी थोडी आटत चालली. नांगराचा फाळ खडकावर वाजू लागला. वाडीतल्या शहाण्यांनी ठरवलं, की खालच्या गावचे लोक माती चोरून नेतात. खाली नवी जमीन दिसत होती आणि तिचा रंगही तोच, तांबडा. संशय अगदीच खोटा नव्हता म्हणा. मग भर पावसात वाडीतले गडी डोक्यावर इरली नि हातात काठ्या घेऊन, वाटेकडे डोळे लावून पहाऱ्याला उभे राहिले. चोर काही येईना. त्यांच्या पायांवरून तांबडं पाणी वाहत होतं, तेवढं झटकायचं आणि पुन्हा वाटेकडे बघायचं.

येसूचं शेत पार उताराला होतं. त्या शेताच्या कोपऱ्यात तिने आपलं तान्हं मूल पुरलं होतं. कामाला हात लावण्याआधी ती रोज तिथे जरा वेळ बसायची. एका पावसाळ्यात मोठी झड लागली. उघडीप झाल्यावर ती शेतावर गेली, तर तो कोपराच जागेवर नाही, नुसता धुतलेला कातळ. माझं पोर कोणी नेलं, असं तिने पहारेकऱ्यांना विचारलं. चोर माती नेईल, पण पुरलेलं मूल कशाला नेईल, हे कोणालाच कळेना.

मग ती ओहोळाच्या कडेने उतरत निघाली म्हणे. वर मोठे धोंडे अडकून पडले होते, ते पाण्याला पेलले नव्हते. त्याखाली गोल गोटे, मग वाळू. आणि उतार संपून पाणी जिथे रेंगाळतं त्या वळणावर, म्हणजे इथे, लोण्यासारखा मऊ गाळ. तिने तो मुठीत घेतला, ओळखला आणि इथेच बसली.

ही मळई तेव्हा रावजी कसत होता. तो चिखलणीसाठी बैल घेऊन आला, तर मधोमध ही बाई.

"माझं पोर हितं हाय, दादा," ती म्हणाली. "नांगर नको घालूस."

रावजी गोंधळला. बैल सोडून त्याने गाव गोळा केलं, तर गावही गोंधळलं. कोणी म्हणालं, माती नदीने दिली, ती आमची. कोणी म्हणालं, आईला नाही कसं म्हणायचं. एक म्हातारा म्हणाला, डोंगरात पुरलेलं सगळंच खाली येत असेल, तर आपण पाय तरी कुठे ठेवायचा? याचं उत्तर बाईंना ठाऊक असेल तर त्यांनी सांगावं. शेवटी रावजीने मळई पडीक ठेवली. त्याच्या घरची लहान मुलं त्या वर्षी पातळ पेजेवर राहिली.

येसू रोज डोंगर उतरून यायची. पुढल्या पावसात पूर आला आणि नदीने मळईचा मोठा लचका तोडून नेला. आता ही पाण्यात उडी घेते, असं रावजीला वाटलं. ती काठावर उभी राहून खालच्या दिशेला बघत राहिली. मग पूर बघायला आलेल्या रावजीच्या मुलांकडे तिची नजर गेली.

"हे एका जागी बसायचं न्हाय," ती म्हणाली. "कातळ फुटून माती व्हते, ती बी चालू लागते. लाव दादा भात. कुणाच्या तरी पोटात जाऊ दे माझं पोर."

रावजीने रडत रडत भात लावला म्हणे. भात निघाल्यावर त्याची बायको नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन डोंगर चढली. येसूने तो तांदूळ शिजवला आणि शेजारच्या तान्ह्या मुलीच्या तोंडात पहिला घास घातला. तेव्हा येसू हसली असं खालचे सांगतात, वरचे म्हणतात रडली. खरं काय ते मला सांगता येत नाही.

आजही वरच्या वाडीत कोणाचं उष्टावण असलं, की या मळईचा तांदूळ आम्ही डोक्यावरून वर पोहोचवतो. बाळाला पहिला घास भरवताना त्याची आई येसूच्या वतीने म्हणते, "आलं माझं पोर घरी."