दूरचं कोठार

या माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. मुंग्यांचं कोठार एका लांब, अरुंद भुयाराच्या टोकाला होतं. एका वेळी दहाच जणींनी आत शिरायचं, अशी जुनी रीत. भुयाराच्या तोंडाशी बसून कोंडू मुंगळा एकेकीला मोजून आत सोडायचा.

थंडी तोंडावर आली, तरी निम्मं धान्य उघड्यावरच होतं. कोंडूच्या जिवाची घालमेल झाली.

"आता शंभर जणी शिरा! भुयार रिकामंच तर असतं."

"अरे दादा, पलीकडे दाणे रचायला एकटी साळूमावशी आहे," त्याची बहीण मैना म्हणाली. "तिला विचारलंस का?"

"विचारून येईपर्यंत हिवाळा सरेल, शहाणे! चल, तूच हो पुढे."

मैना दाणा घेऊन शिरली आणि तिच्यामागे बाकीच्या. साळूमावशीला आवरेना. दाणे कोठाराच्या दारातच साचले. पुढच्यांना जागा नव्हती, मागच्यांना वळता येईना. हळूहळू भुयारातली हवा संपली.

वाट मोकळी व्हायला तीन दिवस लागले. मेलेल्या मैनेला कोंडूने स्वतः बाहेर आणलं. मग तो कोठारात गेला.

"मावशी, एका वेळी किती जणी झेपतील तुला?"

"वीस," मावशी म्हणाली. "आधी विचारलं असतंस, तरी वीसच म्हटलं असतं रे."