नाव घे, भामा

तर झालं काय एकदा, एक होतं बेट. राजा नाही, राणी नाही, नुसतं काळ्या कातळाचं बेट. त्यावर एक उंच, पांढरी बत्ती. म्हणजे दीपगृह हो, पण आमच्या कोकणात बत्तीच म्हणायचे. आता तिथला दिवा आपसूक लागतो, माणूस लागत नाही. तेव्हा मात्र तिथे माणसं राहायची, चूल पेटायची, पाळणा हलायचा. लहानपणी आम्ही होडीनं ती बत्ती बघायला जायचो. पायऱ्या चढून पाय भरून यायचे, पण वरून समुद्र बघितला की सगळं विसरायला व्हायचं. काय दिवस होते ते, बरं का.

त्या बत्तीवर भामा राहायची. नवरा दिवा सांभाळायचा आणि भामा नवऱ्याला सांभाळायची. पाळण्यात एक बाबू. बास, तिघंच.

आता गंमत ऐका. भामानं नवऱ्याचं नाव कधी म्हणजे कधी घेतलं नव्हतं. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा म्हणायचे. उखाण्यात घेतलेलं चालायचं, पण ही बया लग्नातसुद्धा तोंड मिटून बसली. सगळं वऱ्हाड हिरमुसलं. नवऱ्याच्या मनात ते राहिलंच.

एक दिवस नवरा दिव्याचं तेल आणायला होडीनं किनाऱ्यावर गेला. दुपार कलली आणि समुद्रावरून धुकं आलं. असं धुकं, की हातातली भाकरी दिसेना. भामानं उरलंसुरलं तेल घालून दिवा लावला, पण उजेड काचेबाहेर पडेना. आणि बेटाभोवती तर दातांसारखे खडक. होडी त्यांवर आपटली की संपलंच सगळं.

मग ती गेली विहिरीकडे. चहूकडे खारं पाणी आणि मधे गोड पाण्याची विहीर, देवाचीच करणी. भामा म्हणाली, विहीरबाई, माझी हाक लांब पोचव. विहीर म्हणाली, मार हाक. मग भामा वाकून ओरडली, "अहो, इकडे या!" हाक घुमली, घुमली आणि धुक्यातून एक होडी आली. भामा धावत गेली. उतरला कोण? एक मिशाळ म्हातारा. म्हणतो, "काय गो बाय, माका हाक मारलंस?" त्याची बायकोही त्याला अहोच म्हणायची ना!

मग भामा गेली केवड्याच्या बनात. केवडा म्हणाला, माझा वास जातो तिथवर तुझी हाक नेतो. भामानं विचार केला आणि ओरडली, "बाबूचे बाबा, इकडे या!" पुन्हा होडी आली. त्यातून उतरला एक ढेरपोट्या. त्याच्याही घरी बाबू होता. आता कोकणात बाबू नाही असं एक घर मला दाखवा.

मग राहिली घळ. लाटा आत शिरून गर्जायच्या ती. घळ होती फटकळ. म्हणाली, "अहो पुष्कळ आहेत, बाबूचे बाप त्याहून पुष्कळ. तुझा कोणता? नाव घे."

नाव घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होणार, न घ्यावं तर होडी फुटणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीकडे तर ती आधीच जाऊन आली होती! मागे ते दोघे परके पुरुष उभे. म्हातारा म्हणतो, "घे गो नाव, लाजतंस कित्याक?"

तेवढ्यात खडकांच्या बाजूनं वल्ह्यांचा आवाज आला. अगदी जवळ. भामानं डोळे मिटले, पदर घट्ट धरला आणि म्हणाली,

"दर्याला नाही थारा, वाऱ्याला नाही आराम,
पान वाढून बसले मी, घरी या विश्राम."

घळीनं ते नाव उचललं आणि लाटेवर टाकलं. ह्या लाटेनं त्या लाटेला दिलं. विश्राम, विश्राम, विश्राम. वल्ह्यांचा आवाज थांबला. मग वळला. आणि होडी नीट येऊन काठाला लागली.

भामा रडत रडत त्याचे हातपाय चाचपून बघायला लागली, काही झालं तर नाही ना म्हणून. गावात त्याला सगळे बत्तीवाले म्हणायचे, घरी अहो. तो म्हणाला, "आये गेली तेव्हापासून ह्या नावान माका कोणी हाक मारूकच नाय. माका वाटला, आयेच जेवूक बोलवता. म्हणान होडी वळवलंय." मग हळूच म्हणाला, "परत एकदा घे."

आणि भामानं घेतलं. या वेळी उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव.

मग त्या दोघा पाहुण्यांना बसवून सगळ्यांनी मिळून आमटीभात खाल्ला. भामा रोज दिवेलागणीला नाव घ्यायची. आणि विश्रामाचं आयुष्य? कमी व्हायचं राहिलं बाजूला, सगळे दात पडून तोंडाचं बोळकं झालं तरी म्हातारा आपला टुणटुणीत.

ती बत्तीवरची माणसं सुखानं नांदली, तशी तुम्ही आता सुखानं झोपा. घ्या पांघरुणं, मिटा डोळे. आणि कुणी मला आजोबांचं नाव विचारायचं नाही.