केळीच्या पानाआडचं पत्र

"आमचं पत्र सूर्य मावळायच्या आत परत करा. परत केल्यावर त्याची प्रत तुमच्याकडे उरता कामा नये. नुसतं पुसून टाकलंत, तर ते परत केलं असं आम्ही मानणार नाही. शिवाय ते वाचलं नाही हे सिद्ध करा. नाहीतर वकिलाची सनद रद्द, आणि मातीची खाणही आमची!"

हंडेगडच्या राजा दौलोजीरावांचं हे फर्मान वाचून नरहरपंत वकिलांनी कागद खाली टाकला. त्यांची कारकून गोजरा हिने कागद उचलून पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

झालं होतं असं. नदीकाठच्या कुंभारांच्या खाणीवर राजाला पोहण्याचा तलाव बांधायचा होता. कुंभारांनी दावा लावला आणि पंतांनी तो चालवायला घेतला. हंडेगडचा सगळा कारभार संगणकावर चाले. राजाचे वकील झुंझारराव यांना राजाचं खासगी पत्र कुमारसाहेबांना धाडायचं होतं. त्यांनी 'कु' एवढंच टाइप केलं, यंत्राने आपणहून पुढे 'कुंभारांचे वकील' असं पुरं केलं, आणि झुंझाररावांनी चष्मा शोधायच्या आधी बटण दाबलं.

पत्र काल सकाळी येऊन पडलं, ते थेट गोजरासमोर. वर लाल अक्षरांत 'अत्यंत गुप्त'. गोजरा कुंभाराची लेक. त्या खाणीवर तिच्या बापाचं चाक फिरत होतं. तिचं बोट पत्रावर थांबलं. पण शेजारणीचं झाकलेलं ताट चुकून आपल्या घरी आलं, तर कुणी झाकण उचलून बघतं का? तिने पंतांना विचारून तिथल्या तिथे झुंझाररावांना कळवलं: 'तुमचं पत्र चुकून इकडे आलं आहे. उघडलेलं नाही. त्याचं काय करायचं ते सांगा.'

उत्तर म्हणून हे फर्मान आलं.

"दुसरीकडे पाठवलं तरी इथे उरतंच," पंत कण्हले. "आणि न वाचल्याचा पुरावा कुठून आणू? उपाशी माणसाला खरकटं दाखव म्हणतायत!"

"पंत, तुमच्याकडे गाढव आहे?"

"वकिलाकडे गाढव कशाला असेल, बाई?"

"मग बाबांचं आणते. परसातलं केळीचं एक पान तेवढं कापू द्या."

उन्हं कलताना गाढव दरबारात शिरलं. पाठीवर मडक्यांच्या जाळीत पंतांचा आख्खा संगणक, मागे शेपटीशी गुंतलेल्या वायरी. दरबार खदखदला.

"महाराज, पत्र या पेटीत आहे," गोजराने मुजरा केला. "पेटीच आणली."

राजा खूश झाला. पेटी इथेच राहू दे, आत काय काय आहे ते आम्ही निवांत बघू, म्हणाला. झुंझारराव बाह्या सरसावून पुढे आले.

"बघा की. पण यात पंतांच्या सगळ्या पक्षकारांचे कागद आहेत. या दरबारातलेही कुणी कधी त्यांच्याकडे आले असतील. कोण, ते मी मरेन पण सांगायची नाही. तेव्हा ज्यांची हरकत नसेल, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. दिवाणजी छताची नक्षी न्याहाळू लागले. सेनापतींना खोकल्याची उबळ आली. पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या एकदम खणखणल्या. झुंझाररावांनीसुद्धा उजवा हात हळूच खिशात घातला.

राजाने पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग आमचं पत्र आम्ही काढायचं कसं?"

गोजराने वायरी जोडून संगणक सुरू केला आणि केळीचं पान उलगडलं. मधोमध बोटभर रुंदीची खिडकी कापलेली होती. पान तिने संगणकाच्या पडद्यावर असं धरलं, की बाकी सगळं झाकलं गेलं आणि राजाच्या पत्राची एकच ओळ उरली. "पत्र तुमचं, महाराज. तुम्हीच उचला."

राजाने स्वतःच्या बोटाने ते आपल्या पेनड्राइव्हमध्ये हलवलं. खिडकीत वाकून पुन्हापुन्हा पाहिलं. ओळ गेली होती.

"ओळ ठळक होती," राजा पुटपुटला. "म्हणजे न उघडलेली."

"त्याला काय अर्थ आहे, महाराज!" झुंझारराव उसळले. "वाचून पुन्हा तसं करून ठेवता येतं. मी स्वतः कितीदा..." आणि त्यांनी जीभ चावली.

"वकीलसाहेबांचं खरं आहे," गोजरा म्हणाली. "म्हणून यंत्राची साक्ष मी काढतच नाही. पत्रात काय आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. पत्र आल्यानंतर, काल संध्याकाळी, पंतांनी तडजोडीचा अर्ज दाखल केला. तो वाचा. पत्र वाचलेल्या माणसाने तो लिहिला असं वाटलं, तर सनदही घ्या आणि खाणही घ्या."

अर्ज आणला गेला. कुंभारांना आठवड्यातून दोनच दिवस माती काढू द्यावी. बदल्यात ते दर दिवाळीला महालाला हजार पणत्या फुकट देतील.

राजाची मिशी थरथरली. मग पोट हललं. मग तो असा हसत सुटला, की मुकुट कानावर उतरला. "दोन दिवस! हजार पणत्या फुकट! अरे, पत्रात मी लिहिलंय, कुमार, ती खाण पाहायला गेलो आणि कमरेपर्यंत चिखलात रुतलो. चौघांनी ओढून काढलं, एक जोडा अजून तिथेच आहे. मला तलाव नको. कुंभारांनी नुसता आवाज चढवला तरी खाण देऊन टाक, वर आमराई दे, पण हे कुणाला कळू देऊ नकोस..."

राजा थांबला. आख्ख्या दरबाराला कळलं होतं.

पडद्याआडून पहिलं हसू फुटलं आणि मग दरबारच लोळला. पंतांची सनद शाबूत राहिली. खाण कुंभारांची झाली, आमराईसुद्धा. राजा गोजराला म्हणाला, आजपासून आमचेही कागद तूच सांभाळ. तिने हात जोडले. समोरच्या पक्षाचे कागद आम्हाला चालत नाहीत, म्हणाली. राजा आणखी हसला आणि पंतांना नवा संगणक, गाढवाला जरीची झूल देऊन मोकळा झाला.

आठवड्याने महालात केळीच्या पानात गुंडाळलेलं एक पुडकं आलं. आत चिखलाने माखलेला मखमली जोडा होता, आणि चिठ्ठी: 'चुकून इकडे राहिला होता. घालून पाहिलेला नाही.'

त्या दिवशीचं राजाचं हसू कुंभारवाड्यापर्यंत ऐकू आलं म्हणतात.